‘खाली माणूस हाय’: नाथसागरातल्या एका सकाळचे प्रकरण

पार्श्वभूमी

पैठणच्या जायकवाडी धरणामागे पसरलेल्या पाण्याला नाव आहे नाथसागर, आणि वारा सुटलेला असताना त्याच्या मध्यावर होडीत बसलेल्या माणसाला हे नाव मोठे वाटत नाही. धरणाची भिंतच सुमारे १० किलोमीटर लांब आहे. १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले; पाणी साठू लागले तेव्हा गावे, विहिरी, बांध, बाभळीची राने खाली गेली. जलाशय पसरट आणि बऱ्याच भागात उथळ. उघड्या पाण्यावरून वारा मैलभर धावत येतो, आणि उथळ पाण्यात लाट आखूड, उभी उठते. समुद्रावरची लांब लाट होडीला उचलते, इथली लाट होडीला थपडा मारते.

या जलाशयातून पाणी घेणाऱ्या अनेक योजना आहेत. त्यांपैकी एका गावगट योजनेच्या जॅकवेलची, म्हणजे जिथून पंप पाणी ओढतात त्या विहिरीची, जाळी एप्रिलमध्ये चोंदली. पंप चालू असूनही पाणी निम्मेच येत होते. पाणपर्णी, चिखल आणि तुटलेली मच्छीमारी जाळी मिळून जाळीवर बोळा बसला असावा, असा अंदाज होता. ऐन उन्हाळ्यात गावांना पाच-सहा दिवसांआड पाणी मिळत होते, त्यामुळे घाई होती आणि ती खरी होती. गावाचे, योजनेचे आणि माणसांचे नाव मी इथे देत नाही.

कोकणातून दोन पाणबुडे बोलावले. दोघेही समुद्रावर शिकलेले, पर्यटकांना आणि जहाजांच्या तळाच्या कामांना सरावलेले. त्यांना मी थोरला आणि धाकटा म्हणेन. होडी गावातल्याच एका मच्छीमाराची, वय पन्नाशीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणतात. अठरा फुटी फायबरची होडी, मागे छोटे इंजिन, आणि पुढे लंगर सांभाळायला मामांचा भाचा. योजनेचे कनिष्ठ अभियंता सोबत होते. मी तालुक्यात पोहण्याचे आणि पूरबचावाचे प्रशिक्षण देतो. त्या दिवशी माझे काम घड्याळ बघणे आणि वेळा लिहिणे एवढेच होते.

मामांनी तीस वर्षे हे पाणी पाहिले होते, पण पाणबुडा कधी नेला नव्हता. पाणबुड्यांनी शेकडो बुड्या मारल्या होत्या, पण नाथसागर कधी पाहिला नव्हता. पुढचे सगळे या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत घडले.

आदल्या संध्याकाळची बैठक

मामांच्या ओट्यावर चहा घेत आम्ही अर्धा तास बसलो. बोलणे झाले ते जाळीच्या आकाराबद्दल, हत्यारांबद्दल, मजुरीबद्दल. उन्हाबद्दल थोरल्याने बरोबर मुद्दा काढला: चाळीस अंशांत रबरी सूट घालून होडीत बसणे म्हणजे घामाने शरीर कोरडे करणे, आणि पाणी कमी झालेल्या शरीराला बुडीनंतरचा त्रास, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा, लवकर होतो. म्हणून सकाळी लवकर निघायचे आणि ११ च्या आत काम उरकायचे ठरले.

खोली ९ मीटर, म्हणजे फार नाही. तरी थोरल्याने आपले तक्ते, म्हणजे कोणत्या खोलीवर किती वेळ राहायचे ते सांगणारी कोष्टके, बदलून घेतले होते, हे मला आवडले. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते. ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात बुडी मारताना समुद्राचे तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तीच खोली तक्त्यात थोडी जास्त धरावी लागते. किनाऱ्यावरून मराठवाड्यात येणाऱ्या पाणबुड्याच्या हे सहज लक्षात येत नाही.

पंपाबद्दल अभियंता म्हणाले, “ऑपरेटरला फोन करून बंद करायला सांगतो.” आम्ही मान डोलावली. मामांना मात्र कुणी काहीच विचारले नाही. वारा कधी सुटतो, कोणत्या बाजूने सुटतो, होडी लंगरावर किती फिरते, हे सगळे त्यांना ठाऊक होते. होडी त्यांची, पाणी त्यांचे, आणि बैठकीत ते चहा देत होते.

त्या सकाळी काय घडले

७ वाजून १५ मिनिटांनी निघालो. जॅकवेलपासून थोड्या अंतरावर लंगर टाकला. पाणबुड्यांनी खाली उतरायला हाच लंगरदोर वापरायचा ठरवला, कारण दुसरा दोर आणलाच नव्हता. पहिली बुडी ७:५० ते ८:३०. खाली हातभर लांबचे दिसत नाही, असे दोघांनी वर येऊन सांगितले. जाळीवर खरोखरच जुन्या जाळ्यांचा गुंता होता. अर्धा कापून झाला.

मधली विश्रांती ठरल्यापेक्षा लांबली. एक हत्यार किनाऱ्यावर राहिले होते. दुसरी बुडी १०:०५ ला सुरू झाली. १०:२० च्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला आणि होडी लंगरावर गर्रकन फिरली. पाणबुडे उतरले तेव्हाची होडीची जागा आणि आताची जागा यांत चाळीस-पन्नास मीटरांचे अंतर पडले. मामा भाच्याला म्हणाले, “आता निघावं लागतंय.” ते मी ऐकले. वहीत वेळ लिहिली आणि गप्प बसलो. माझ्या मते त्या दिवसातली ही पहिली खरी चूक, आणि ती माझी.

१०:३१ ला धाकटा वर आला. होडीजवळ नाही, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चांगला लांब. खाली चिखल उठल्यावर त्याला थोरला दिसेनासा झाला होता. नियमाप्रमाणे एक मिनिट शोधून तो वर आला. येताना पायातल्या फिनला, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखाला, जाळ्याचा तुकडा अडकला, तो सुरीने कापला. वर आल्यावर जॅकेट फुगवले आणि होडीकडे पोहू लागला. लाट समोरून तोंडावर येत होती. प्रत्येक मिनिटाला तो आमच्यापासून थोडा आणखी दूर जात होता. मग त्याने हात हलवला.

थोरला वर आला नाही. त्याला वाटले, धाकटा जाळीच्या पलीकडच्या बाजूला काम करत असेल; तो तिकडे शोधत गेला. लाटांत बुडबुडे दिसत नव्हते. एक माणूस वर, वाहत चाललेला. दुसरा खाली, कदाचित आमच्या होडीच्या पोटाखाली, कदाचित नाही.

निर्णयाची अकरा मिनिटे

अभियंता ओरडले, “इंजिन चालू करा!” मीही म्हणालो, “मामा, चला.” मामांचा हात इंजिनाच्या दोरीवर गेला आणि तिथेच थांबला. “खाली माणूस हाय,” ते म्हणाले, आणि हात काढून घेतला.

समोर जे पर्याय होते ते मी नंतर शांतपणे मांडले. त्या वेळी ते सगळे एकदम डोक्यात आले होते.

इंजिन सुरू करून धाकट्याकडे जाणे सगळ्यांत वेगवान होते. पण थोरला लंगरदोराने वर येत असेल तर तो पंख्याखालीच येणार होता. पाण्यातल्या माणसाला फिरत्या पंख्याने होणारी जखम होडीवर बांधता येत नाही.

दुसरा पर्याय, इंजिनाला हात न लावता लंगर सोडून द्यायचा आणि वाऱ्याबरोबर वल्ही मारत धाकट्याकडे वाहत जायचे. हे जवळपास बरोबर उत्तर होते. पण लंगरदोराच्या टोकाला तरंगणारे काहीच नव्हते. दोर सोडला असता तर तो तळाला गेला असता आणि थोरल्याची वर येण्याची एकमेव वाट त्याच्याबरोबर गेली असती. पाच लिटरचा एक रिकामा डबा त्या दोराला बांधलेला असता, तर हा निर्णय दहा सेकंदांत झाला असता.

तिसरा पर्याय मी स्वतः. मला पोहता येते, मी शिकवतो. मी शर्ट काढलाही होता. भाच्याने माझा दंड धरला. तेव्हा राग आला, आज वाटते तो बरोबर होता. माझ्याकडे फिन नव्हते, आणि होडीवरच्यांना सांभाळायला पाण्यात तिसरा माणूस झाला असता.

जे केले ते असे. वीस लिटरचा रिकामा जार दोराला बांधून वाऱ्याच्या दिशेने सोडला, म्हणजे तो आपोआप धाकट्याकडे वाहत जाईल. दोर चाळीस मीटरचाच होता, पुरला नाही. पण जार बघून धाकट्याला कळले की आम्ही त्याला पाहिले आहे. मी दोन्ही हातांनी खूण केली, पोहू नकोस, उताणा पड. त्याने वजनाचा पट्टा सोडला, पाठीवर पडला, दम खाल्ला. त्याच वेळी मामा होडीत उभे राहिले आणि गमछा फिरवत लांबवर आपली मच्छीमारी जाळी बघणाऱ्या एका चप्पूवाल्याला हाका मारू लागले. थर्माकोलचा चप्पू, त्यावर एक माणूस आणि एक वल्हे. पंखा नाही, त्यामुळे पाण्यातल्या माणसाला धोका नाही. सात मिनिटांत तो धाकट्यापर्यंत पोहोचला आणि धाकटा चप्पूला धरून राहिला.

थोरल्याला बोलावण्यासाठी भाच्याने पान्याने शिडीच्या पाण्यातल्या भागावर ठोके मारले. आवाज थोरल्याने ऐकला होता, हे नंतर कळले. त्याला वाटले जॅकवेलवर काहीतरी काम चालले आहे. ठोक्याचा अर्थ आम्ही ठरवलेलाच नव्हता. हवा संपत आल्यावर तो लंगरदोर चाचपडत वर आला, १०:४२ ला, पंख्यापासून दोन हातांवर.

तो होडीत चढला, मग मामांनी इंजिन सुरू केले.

परिणाम

धाकट्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, पोटात पाणी गेले होते, डोके दुखत होते. सावलीत बसवले, सूट काढला, थोडे थोडे पाणी दिले. हातापायांत मुंग्या, सांधेदुखी, चक्कर, त्वचेवर चट्टे या बुडीनंतरच्या त्रासाच्या खुणांपैकी काही दिसते का ते दर अर्ध्या तासाने तपासले. काही दिसले नाही. दिसले असते तर पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, आणि तो आमच्या होडीवर नव्हता, किनाऱ्यावरही नव्हता.

दोघांनी त्याच संध्याकाळी गाडीने परत निघायचे ठरवले होते. ते आम्ही थांबवले. अहिल्यानगरकडचे पठार नाथसागरापेक्षा बरेच उंच आहे, आणि बुडीनंतर लगेच उंचीवर जाणे हे विमानात बसण्याच्याच जातीचे आहे. एकाच दिवशी अनेक बुड्या झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबावे, असा पाणबुड्यांमध्ये रूढ सल्ला आहे. आम्ही तोच पाळला. रात्र मामांच्या घरी काढली.

त्या रात्री जेवताना आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि मला ती धाकट्याच्या वाहत जाण्यापेक्षा जास्त भयंकर वाटते. १०:३० ला पंपघरात पाळी बदलली होती. नव्या ऑपरेटरला फोनबद्दल कुणी सांगितले नव्हते. पंप सुरू झाला नाही, कारण त्या वेळी लाइट गेलेली होती.

चोंदलेल्या जाळीपुढे पंप सुरू झाला तर काय होते, हे अभियंत्यांनाही त्या रात्री हिशेब करून दाखवावे लागले. जाळीच्या आतली पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा फक्त १ मीटरने खाली गेली, आणि माणसाच्या पाठीने ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचे भोक झाकले गेले, तर त्याच्यावर सुमारे ९० किलो वजनाएवढा जोर बसतो. फरक २ मीटरचा असेल तर १८०. पाण्याखाली कुणी कुणाला त्यातून ओढून काढू शकत नाही.

अडचणीचे मूळ

मी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न वेगवेगळा विचारला: वर येणारा माणूस आणि होडी, कोणी कोणाकडे जायचे? थोरला म्हणाला, “आम्ही वर आलो की होडी येते. तांडेल बघतच असतो.” समुद्रावर तसेच चालते, प्रवाहात पाणबुडे वाहत जातात आणि होडी पाण्यावर तरंगणाऱ्या त्यांच्या खुणेच्या फुग्यामागून मोकळी फिरते. मामा म्हणाले, “जिथून गेले तिथूनच वर येतील की. दोर कामून दिलाय मग?” दोघांचेही आपापल्या अनुभवात बरोबर. ही दोन वाक्ये आदल्या संध्याकाळी ओट्यावर एकमेकांसमोर आली असती, तर बाकी आराखडा त्यांच्यातूनच निघाला असता.

नंतर काय बदलले

जाळीचे काम उरले होते, म्हणून आठवड्याने पुन्हा जायचे होते. या वेळी बैठक मामांनी घेतली. मी फक्त लिहून घेतले, आणि लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.

पहिले ठरले ते पंपाचे. पॅनेलला कुलूप, आणि कुलपाची एकुलती एक किल्ली मामांच्या खिशात. फोन नाही, निरोप नाही. किल्ली हातात आल्याशिवाय कुणी पाण्यात उतरणार नाही, आणि शेवटचा माणूस वर आल्याशिवाय किल्ली किनाऱ्यावर जाणार नाही. अभियंत्यांना हे थोडे जड गेले. सरकारी पॅनेलची किल्ली खासगी माणसाकडे कशी, असा प्रश्न होता. रजिस्टरला नोंद करून तो सुटला.

उतरण्याचा दोर होडीपासून वेगळा केला: त्याचे स्वतःचे वजन, स्वतःचा तरंगता पिवळा डबा. होडीच्या लंगरदोरालाही डबा, म्हणजे गरज पडली तर दोर सोडून होडी मोकळी होईल आणि खालच्या माणसाची वाट जागेवर राहील. इंजिन बंद पाडणाऱ्या लाल दोरीची कडी पाणबुडे खाली असताना मामांच्या गळ्यात. तिच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. चप्पूवाल्याला दिवसाची मजुरी देऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे केले. आमच्या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची गोष्ट ही.

सर्वांत जास्त वाद झाला तो पाणबुड्याच्या अंगाला दोर बांधण्यावर. काहीच दिसत नाही अशा पाण्यात दोर बांधून एकेकट्याने उतरावे, वर दुसऱ्याने दोर हातात धरून बसावे, असे माझे म्हणणे. धाकट्याचे म्हणणे, जाळ्यांनी भरलेल्या तळात तो दोरच अडकेल. दोघांचेही खरे होते. शेवटी आधी वरून आकड्याने सैल मच्छीमारी जाळी ओढून काढली, मग दोर बांधून एकच माणूस उतरला आणि दुसरा पूर्ण तयारीत होडीत बसला. खुणा सगळ्यांनी पाठ केल्या. एक ओढ म्हणजे ठीक, वरून चार ओढी म्हणजे वर ये. आणि सलग पाच ठोके ऐकू आले तर काम टाकून वर, कारण विचारायचे नाही.

माणसे मोजायची नाहीत, नावे वाचायची, हेही ठरले. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक होडी दोन पाणबुड्यांना पाण्यातच सोडून किनाऱ्यावर परतली होती. ते मागे राहिल्याचे दोन दिवसांनी लक्षात आले आणि ते कधीच सापडले नाहीत. आकडा चुकू शकतो, ‘आहे’ म्हणणारा आवाज चुकत नाही. भाच्याच्या पाटीवर ‘गेले’ आणि ‘आले’ असे दोन रकाने झाले.

आणि वारा. मामांनी मर्यादा आकड्यात सांगितली नाही. “पाण्यावर पांढरं फुटाया लागलं की बंद.” ही खूण किनाऱ्यावरून दिसते, होडीतून दिसते, आणि यंत्र लागत नाही. त्यांचा शब्द शेवटचा, साहेबांनी काहीही म्हटले तरी. हे वाक्य कागदावर अभियंत्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या दिवशी हत्यार राहिले तेव्हाच दुसरी बुडी दुसऱ्या दिवसावर ढकलायला हवी होती. गावांना आणखी एक दिवस पाणी उशिरा मिळाले असते. त्या सकाळी एवढा साधा हिशेब कुणी केला नाही, कारण थांबायचे कोणी म्हणायचे हेच ठरलेले नव्हते.

मामा “निघावं लागतंय” म्हणाले तेव्हा मी ते मोठ्याने सगळ्यांना सांगायला हवे होते. ते हळू बोलले कारण होडीत साहेब होते. मराठवाड्यात होडी कोणाचीही असो, साहेब बसले की नावाडी आवाज खाली करतो. आराखड्यात ही गोष्टसुद्धा धरावी लागते.

ऑक्सिजनचा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. दुसऱ्या वेळी एक सिलिंडर किनाऱ्यावरच्या गाडीत ठेवला होता, पण बेशुद्ध नसलेल्या माणसाला शुद्ध ऑक्सिजन नीट देणारा मास्क मिळायला वेळ लागला, आणि तो लावायला आमच्यापैकी फक्त थोरल्याला येत होते. थोरला स्वतः पाण्यात असेल तर काय, हा प्रश्न भाच्याने विचारला. पुढच्या महिन्यात त्याला आणि चप्पूवाल्याला ते शिकवायचे ठरले आहे.

दुसऱ्या वेळी ८:५० ला पाण्यावर पांढरे फुटले. जाळीचा शेवटचा कोपरा बाकी होता, तासाभराचे काम. मामांनी पाच ठोके मारले. धाकटा वर आला, भाच्याने नाव वाचले, तो “आहे” म्हणाला. कोपरा दुसऱ्या दिवशी पहाटे साफ झाला.